नाव माणसांसाठी, क्रमांक यंत्रासाठी

सकाळी ८.३०
अग्रहार सर्कलच्या एकशेएक गणपतींना हात जोडून प्रयोगशाळेत येतो. महाविद्यालयाला सुट्टी आहे, म्हणूनच हे काम आज काढलं. जुन्या सर्व्हरवरच्या फायली रात्रीतून नव्यावर उतरल्या आहेत. आता ज्याची फाइल त्याच्याच ताब्यात जाईल, हे पाहायचं. लिनक्सच्या डिस्कवर मालकाचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं, असतो फक्त एक क्रमांक. नावांची यादी वेगळी असते, आणि आपण विचारलं की यंत्र त्या यादीत पाहून नाव सांगतं. यादी बदलली की त्याच क्रमांकापुढे दुसऱ्याचं नाव येतं. फाइल जागची हललेली नसते, तरी मालक बदललेला दिसतो.

नाव आणि क्रमांक जोडण्याची ही सोय फार जुनी आहे. बेल लॅब्समधल्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या पुस्तिकेतही अशा फाइलची नोंद आहे.

९.००
आधी मोजदाद. फायलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेला ‘एल’सोबत ‘एन’ जोडला की नावं गळून नुसते क्रमांक दिसतात. बदल करण्याआधी मी नेहमी हेच रूप पाहतो, कारण नावांवर डोळा लगेच विश्वास ठेवतो. ‘आयडी’ला नाव दिलं की क्रमांक मिळतो. ‘गेटएंट’ला क्रमांक दिला की खात्याची अख्खी ओळ मिळते, आणि खातं या यंत्रावरचं असो वा मध्यवर्ती निर्देशिकेतलं, या आज्ञेला दोन्हीकडे शोधता येतं. नुसती यंत्रावरची यादी, म्हणजे पासवर्ड फाइल, चाळणाऱ्याला निर्देशिकेतली माणसं दिसतच नाहीत.

१०.३०
इथे खरी गाठ आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या खात्याचं नाव म्हणजे त्यांचा हजेरी क्रमांक. समजा, एका मुलीचं खातं ‘२१०४’ या नावाचं आहे आणि यंत्राने तिला दिलेला क्रमांक ३१८७७ आहे. जुन्या यादीत २१०४ हा क्रमांक मात्र भलत्याच कुणाचा आहे. ‘आयडी २१०४’ म्हटलं की त्या मुलीची माहिती येते. ‘गेटएंट’ला तेच विचारलं की दुसराच माणूस समोर येतो.

“सर, प्रश्न एकच, मग उत्तरं दोन कशी?” आमचा सहायक विचारतो.

मी त्याला दोन्ही आज्ञा पुन्हा चालवायला लावतो. ‘आयडी’ दिलेला शब्द आधी नाव समजून शोधते, तसं नाव नसेल तरच तो क्रमांक मानते. ‘गेटएंट’ सगळे अंक दिसले की सरळ क्रमांकच धरते. मालकी बदलणारी ‘चोन’ही ‘आयडी’सारखी नावाला पहिला मान देते. म्हणजे आपण क्रमांक म्हणून २१०४ लिहावं आणि फायली जाव्यात त्या मुलीच्या नावावर. तोड साधी आहे: आकड्याआधी अधिकचं चिन्ह लावायचं. मग ‘चोन’ आणि ‘आयडी’ दोघी नावाकडे बघत नाहीत. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एकच सूचना लावायची झाली, तर मी हीच लावीन.

दुपारी १.००
जेवण. अन्न-सारू.

२.००
मालकी बदलण्याचा क्रम. १००३ चा १००४ करायचा आहे आणि १००४ चा १००५. सरळ ओळीने गेलं तर पहिल्याच्या फायली दुसऱ्याच्या ढिगात मिसळतात आणि पुढच्या आज्ञेसरशी दोघांच्या मिळून तिसऱ्याकडे जातात. एकदा मिसळल्या की मालकीवरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून सगळ्यांना आधी पन्नास हजारांपुढच्या रिकाम्या मालिकेत नेतो, तिथून नव्या जागी. ‘चोन’ला सोबत ‘आधीचा मालक हाच असेल तरच’ अशी अट घालतो. प्रतीकात्मक दुवे असतील तिथे ‘एच’ लावतो, नाहीतर दुवा तसाच राहून तो जिकडे बोट दाखवतो त्या फाइलची मालकी बदलते. विशेष परवानग्यांच्या याद्यांतही क्रमांकच असतात आणि ‘चोन’ त्यांना शिवत नाही. त्या वेगळ्या तपासाव्या लागतात.

४.००
कार्यालयातली यंत्रं विंडोजवर चालतात. तिथे ओळख म्हणजे ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारी लांबलचक मालिका. लिनक्सला विंडोजशी जोडणाऱ्या सांबासोबत येणारी ‘डब्ल्यूबीइन्फो’ ही आज्ञा नावावरून ती मालिका काढते आणि मालिकेवरून लिनक्सचा क्रमांक. प्रत्येक सर्व्हर आपापल्या वहीतून क्रमांक वाटत असेल तर एकाच व्यक्तीला दोन ठिकाणी दोन क्रमांक पडतात. आम्ही मालिकेच्या शेवटच्या आकड्यावरून क्रमांक काढणारी पद्धत ठेवली आहे. सगळ्या सर्व्हरांवर मांडणी सारखी असली की उत्तरही सारखंच येतं.

५.३०
शेवटी ‘फाइंड’ला ‘नोयूझर’ देऊन बेवारस फायली शोधतो. ज्यांच्या क्रमांकाला आता नाव उरलेलं नाही अशा या फायली, बहुतेक शिकून गेलेल्या मुलांच्या प्रकल्पांच्या. त्या पुसायच्या नाहीत, आणि ते क्रमांक नव्या कुणाला द्यायचेही नाहीत. जूनमध्ये येणाऱ्या मुलाला असा क्रमांक मिळाला तर पहिल्याच दिवशी एका अनोळखी माणसाचं सगळं काम त्याच्या मालकीचं होईल. शून्य क्रमांक ‘रूट’खेरीज कुणाकडे नाही, हेही पाहून घेतो. त्या क्रमांकाचं कुठलंही खातं, नाव काहीही असो, सगळ्या यंत्राचं धनी असतं.

वापरून झालेल्या क्रमांकांची यादी छापून नोंदवहीत चिकटवतो, आणि नव्या वर्षाची मालिका त्यांच्या पुढून सुरू करण्याची सूचना सहायकाच्या हाती देतो.