एपीआय की: कोडमधून काढली म्हणजे सुटलो का?

संशोधनासाठी छोटंसं मोबाईल अ‍ॅप बनवायची वेळ तुमच्यापैकी अनेकांवर येईल. प्रश्नावली भरा, फोटो काढा, लोकेशन घ्या, डेटा सर्व्हरवर पाठवा, बस्स. मीही एक बनवलं. डहाणू तालुक्यातल्या चिखले गावात, चिकूच्या वाड्यांमधून फिरून बी पोखरणाऱ्या अळीच्या नोंदी घ्यायच्या होत्या. या पट्ट्यातल्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, म्हणजे कीड हा इथे पोटापाण्याचा विषय. बागायतदारांनी नाव, फोन नंबर आणि वाडीची जागा दिली, कारण संमतीपत्रात मी लिहिलं होतं की ही माहिती बाहेर जाणार नाही.

पेपरसोबत कोड सार्वजनिक करायचा, म्हणून एकदा जुने कमिट चाळायला बसले. पहिल्याच आठवड्यातल्या एका कमिटमध्ये डेटाबेसची की जशीच्या तशी! नंतर मी ती ओळ काढली होती. पण गिट काही विसरत नाही. आज पुसलेली ओळ कालच्या कमिटमध्ये तशीच राहते. रेपॉझिटरी तोवर खाजगी होती, म्हणून निभावलं.

एपीआय की ही चावीच समजा. ज्याच्या हातात ती असेल त्याला सर्व्हर आत घेतो, माणूस कोण ते विचारत नाही.

‘माझं एवढंसं अ‍ॅप, कोण बघतंय?’ असं वाटतं ना? नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहबचा अभ्यास केला. एक लाखाहून जास्त रेपॉझिटरींमध्ये अशा चाव्या उघड्या सापडल्या, आणि रोज हजारो नव्यांची भर पडत होती. शोधणाऱ्या प्रोग्रामला नवी चावी दिसायला साधारण २० सेकंद पुरत होते. म्हणजे तुम्ही चूक लक्षात येऊन घाईघाईने दुसरा कमिट करेपर्यंत उशीर झालेला असतो.

खाजगी रेपॉझिटरीवरही भिस्त ठेवू नका. २०१६ मध्ये उबरच्या खाजगी कोडपर्यंत बाहेरचे लोक पोचले, त्यात क्लाउडची चावी सापडली, आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

मग करायचं काय? अँड्रॉइड स्टुडिओच्या प्रोजेक्टमध्ये ‘लोकल डॉट प्रॉपर्टीज’ नावाची फाइल असते. ती सहसा आधीपासूनच गिट-इग्नोरच्या यादीत असते, तरी एकदा खात्री करा. चावी तिथे ठेवा आणि बिल्डच्या वेळी ग्रेडलला ती वाचू द्या. सहकाऱ्यांसाठी खोटी किंमत घातलेली नमुना फाइल रेपॉझिटरीत ठेवा.

इथवर बहुतेक जण येतात आणि थांबतात. खरी गोम पुढेच आहे. चावी गिटमध्ये नसली तरी बिल्ड झाल्यावर ती एपीके फाइलमध्ये जातेच. ‘जॅडएक्स’सारखं मोफत साधन घेऊन कुणीही एपीके उलगडून ती वाचू शकतो. कोडमध्ये नाही म्हणजे अ‍ॅपमध्ये नाही, असं नसतं.

म्हणून चाव्यांचे दोन गट करा. नकाशाची चावी अ‍ॅपमध्ये राहणारच. ती लपवण्यात दम घालवू नका, तिच्यावर बंधनं घाला. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये ती फक्त तुमच्या पॅकेजच्या नावाला, सहीच्या फिंगरप्रिंटला आणि लागेल तेवढ्याच सेवेला बांधता येते. वापराची मर्यादाही लावा, नाहीतर बिल तुमच्या नावावर.

पण डेटाबेसची सर्वाधिकार देणारी चावी अ‍ॅपमध्ये जाताच कामा नये. मधे स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवा. चावी त्याच्याकडे, अ‍ॅपकडे नाही. नोंद घेणारा लॉगिन करेल आणि त्याला त्याच्या कामापुरतंच दिसेल. मी शेवटी हेच केलं. दोन दिवस गेले, पण संमतीपत्रातलं वाक्य आता खरं आहे.

आणि चावी फुटलीच तर? क्रम लक्षात ठेवा. आधी जुनी चावी रद्द करून नवी घ्या. मग जुन्या चावीने कोण आत आलं होतं का, ते लॉगमध्ये बघा. गिटचा इतिहास ‘फिल्टर-रेपो’ने साफ करणं सगळ्यात शेवटी, कारण तोवर कुणी क्लोन घेतला असेल तर त्याच्याकडची प्रत पुसता येत नाही. लोकांची माहिती गेल्याची शंका असेल, तर गाईडना आणि एथिक्स कमिटीला त्याच दिवशी सांगा. अवघड वाटतं, पण सांगा.

गिटहब २०२४ पासून सार्वजनिक रेपॉझिटरीत ओळखीच्या चाव्या पुश होताना अडवतं. मदत होते, पण वेगळ्या धाटणीची चावी सुटून जाऊ शकते. त्यामुळे आज रात्री एक काम करा: ‘गिटलीक्स’ हे मोफत साधन आपल्या रेपॉझिटरीच्या पूर्ण इतिहासावर चालवा. काही सापडलं तर लाजू नका, चावी बदला. वाडीत बसवून, चहा देऊन ज्यांनी आपल्याला फोन नंबर दिला, त्यांना गिट म्हणजे काय ते माहीत असायची गरज नाही. ते आपल्याला माहीत असायला हवं.