जुनी चित्र-पोस्टकार्डे कशी वाचावीत?

जगातील पहिले सरकारी पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत विक्रीस आले आणि हिंदुस्थानात ते १८७९ पासून पाव आण्याला मिळू लागले. मात्र संग्राहकांना मोह पडतो तो पुढे खासगी प्रकाशकांनी काढलेल्या चित्र-पोस्टकार्डांचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील चित्रकार म. वि. धुरंधर यांनीही शहरातील नाना थरांतील स्त्री-पुरुषांची मिश्किल चित्रे अशा कार्डांसाठी रेखाटली.

कार्डाचा काळ ठरवताना अभ्यासक प्रथम मागची बाजू पाहतात. ब्रिटनमध्ये १९०२ पूर्वी ती केवळ पत्त्यासाठी राखीव असल्याने मजकूर चित्राच्या बाजूलाच लिहावा लागे. त्या वर्षी मधोमध रेघ आखून पत्ता व मजकूर शेजारी लिहिण्याची मुभा मिळाली आणि इतर देशांनीही क्रमाने ती पद्धत स्वीकारली. भिंगातून पाहिल्यावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर चित्र छापखान्यात तयार झालेले असते. छटा सलग असतील, तर ते बहुधा प्रकाशसंवेदी कागदावर उतरवलेले मूळ छायाचित्र असते.

टपालाचा शिक्का कार्ड कधी पाठवले एवढेच सांगतो, छायाचित्र त्याहून कितीतरी जुने असू शकते. म्हणून चित्रातील तपशील पडताळावे लागतात. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ते १९०५ या काळात धावली आणि विजेची १९०७ मध्ये आली, त्यामुळे रस्त्यावरील ट्रामही कालनिर्णयाचा भक्कम पुरावा ठरते. रंगांवर मात्र विसंबता येत नाही, कारण कृष्णधवल चित्रांत ते पुष्कळदा नंतर भरलेले असत.