जोडरेषेचे अस्तर : स्टेपलरच्या आधारपट्ट्यांचा मागोवा

बुडापेस्ट येथील शल्यविशारद ह्यूमेर ह्युल्ट्ल यांनी १९०८ मध्ये जठर बंद करण्यासाठी वापरलेले सुमारे साडेतीन किलो वजनाचे यंत्र हे शल्यक्रियेतील स्टेपलरचे आद्य रूप मानले जाते. धातूची बारीक पिन ऊतीतून आरपार जाऊन ‘बी’ या रोमन अक्षरासारखी वळते, त्यामुळे कडा मिटतात पण लहान रक्तवाहिन्या पूर्ण आवळल्या जात नाहीत, हे त्यातील तत्त्व आजही कायम आहे. यंत्र पुढे हलके आणि वापरण्यास सोपे झाले, तरी पिनांच्या छिद्रांतून रक्त किंवा हवा झिरपणे आणि ताण पडताच नाजूक ऊती पिनेपाशी चिरत जाणे, हे दोष उरलेच. जोडरेषेला पातळ पट्टीचे अस्तर लावून, म्हणजे पिना ऊतीबरोबर त्या पट्टीतूनही पार करून, ताण विभागून देण्याची कल्पना या दोषांतून पुढे आली.

तिची खरी कसोटी फुप्फुसावर लागली. एम्फिसीमा या विकारात वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन फुप्फुस इतके विरळ होते, की कापलेल्या कडेतून अनेक दिवस हवा गळत राहते. अशा फुप्फुसावर विरघळणाऱ्या पॉलिडायॉक्सानोनच्या फिती वापरल्याचा अनुभव १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९९४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील जोएल कूपर यांनी गोवंशीय हृदयावरणापासून, म्हणजे हृदयाभोवतीच्या चिवट पडद्यापासून, केलेल्या पट्ट्यांचे तंत्र मांडले, तेव्हा ते झपाट्याने पसरले. तीन केंद्रांतील २००० सालच्या तुलनात्मक चाचणीत पट्टीमुळे हवागळतीचा काळ घटला, परंतु रुग्णालयातील मुक्काम मात्र घटला नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय एम्फिसीमा चाचणीतील रुग्णांचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण अधिक कठोर होते : सुमारे ९० टक्के रुग्णांत हवागळती झाली होती, आणि पट्टी वापरली की नाही यावर ती अवलंबून नव्हती, रोगाने फुप्फुसाची केलेली अवस्थाच निर्णायक ठरली. शिवाय न विरघळणाऱ्या पट्टीचे तुकडे आणि पिना पुढे काही काळाने खोकल्यावाटे बाहेर पडल्याच्या नोंदीही झाल्या, आणि त्यातून शरीरात कायम राहणाऱ्या पदार्थाबद्दल निर्माण झालेली शंका रास्तच होती.

लठ्ठपणावरील स्लीव्ह शस्त्रक्रियेत, जिच्यात जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी उरवली जाते, जोडरेषा लांबलचक असल्याने पट्टीला नवे क्षेत्र मिळाले. येथे पॉलिग्लायकॉलिक आम्ल आणि ट्रायमिथिलिन कार्बोनेट यांच्या, सुमारे सहा महिन्यांत शोषल्या जाणाऱ्या जाळीने बाजी मारली. २०१४ मधील ८८ शोधनिबंधांच्या आढाव्यात तिच्यासह गळतीचे प्रमाण १.०९ टक्के, पट्टीविना २.६ टक्के आणि गोवंशीय पट्टीसह ३.३ टक्के आढळले, परंतु दोनच वर्षांनी, सुमारे १ लाख ८९ हजार शस्त्रक्रियांच्या अमेरिकी नोंदींत, आधार दिलेल्या जोडरेषांत गळती उलट अधिक (०.९६ विरुद्ध ०.६५ टक्के) आणि रक्तस्राव तेवढा कमी (०.७५ विरुद्ध १ टक्का) दिसला. पहिला आढावा वेगवेगळ्या शल्यविशारदांच्या असमान नोंदींची बेरीज होता, दुसऱ्यात कोणाला पट्टी लावायची हे चिठ्ठी टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे दोन्हींवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. तरीही रक्तस्राव घटण्याचा निष्कर्ष पटण्याजोगा आहे, कारण पट्टी छिद्रांभोवती दाब देते; याउलट तिची जाडी ऊतीच्या जाडीत मिळवून पिनेची उंची निवडली नाही, तर पिन नीट मिटत नाही आणि अस्तरच जोडाला कमकुवत करते.

त्याआधी, जानेवारी २०१२ मध्ये, ‘ड्यूएट’ ही पट्टी आधीच बसवलेली स्टेपलरची काडतुसे छातीच्या शस्त्रक्रियांसाठी परत घ्यावी लागली, कारण पट्टीमुळे शेजारच्या अवयवांना इजा होऊन मृत्यूही झाले होते. पोटात निर्धोक वाटणारी वस्तू श्वासागणिक हलणाऱ्या छातीतही तशीच वागेल, हे गृहीत धरणे किती महागात पडते, याचा हा दुःखद दाखला होय.

स्वादुपिंडाची शेपूट काढताना पाचक रस झिरपू नये म्हणून २०१२ मधील एका चाचणीत पट्टी वापरली असता गंभीर गळती २० टक्क्यांवरून २ टक्क्यांच्याही खाली आली, आणि या यशाने मोठी आशा निर्माण केली. मात्र जपानमधील २०१९ च्या आणि स्वीडनमधील २०२१ च्या चाचण्यांत एकूण रुग्णांमध्ये असा फरक सिद्ध झाला नाही, त्यामुळे या अवयवावर पट्टी सरसकट वापरावी, असे म्हणण्यास आज पुरेसा आधार नाही.