गवताला पडीक म्हणू नका



जून आला की आपल्या बचत गटांत एक विषय हमखास निघतो: यंदा झाडं कुठे लावायची? तो ठरवण्याआधी एका पक्ष्याची ओळख करून घेऊ. त्याचं नाव लावा. हिंदीत त्याला बटेर म्हणतात.

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात रानलावा राहतो. मुठीएवढा, मातकट रंगाचा. पाय अगदी जवळ पडेपर्यंत अख्खा थवा गवतात दबून बसतो आणि मग भुर्रकन उडतो.

लावा झाडावर घरटं बांधत नाही. गवताच्या बुडाशी, जमिनीवरच्या खळग्यात मादी चार ते आठ अंडी घालते. पिल्लं बाहेर आली की लगेच आईमागे पळू लागतात. त्यांना किडे लागतात, मोठ्यांना गवताचं बी. म्हणजे घर, पाळणा आणि कोठी, सगळं गवतातच.

हे गवत तीन प्रकारे जातं. उन्हाळ्यात वणव्याने, एकदम सगळं कापल्याने आणि गवतावर दाट झाडं लावल्याने. झाडांची सावली वाढली की खालचं गवत मरतं. हिमालयात नैनिताल-मसुरीच्या गवताळ उतारांवर लाव्याची एक जात होती. १८७६ नंतर ती कुणालाही खात्रीने दिसलेली नाही.

मग आपण काय करायचं? झाडं जरूर लावा, पण रस्त्याकडेला, शाळेत, सोसायटीच्या आवारात. उघडा गवताळ उतार 'पडीक' समजून खड्डे खणू नका. आधी वनखात्याला विचारा. जिथे गवत कापायची परवानगी आहे, तिथे मधून सुरुवात करून कडेला जा, म्हणजे पाखरांना पळायला वाट मिळते. दर वर्षी एक पट्टा न कापता सोडा. डोंगराच्या कडेला कचरा पेटवू नका, विडी-सिगारेट टाकू देऊ नका. आग दिसली तर लगेच वनखात्याला आणि अग्निशमन दलाला कळवा. उरलेलं अन्न तिथे फेकू नका. त्यावर भटकी कुत्री-मांजरं जमतात आणि जमिनीवरची अंडी-पिल्लं त्यांच्या तोंडी जातात.

आणखी एक. पाळलेला जपानी बटेर वेगळा. रानातला लावा पकडणं, विकणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुणी दारावर विकायला आलं तर घेऊ नका.

पुढच्या बैठकीत झाडांची यादी कराल तेव्हा 'गवत राखायची जागा' असाही एक रकाना आखा.