'तुरळक' म्हणजे नेमकं किती?

'सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस.' शेडवर बेदाणा टाकून बसलेल्या पंढरपूरच्या बागायतदाराने यातून काय समजायचं? हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक' म्हणजे फार तर 25 टक्के केंद्रांवर, आणि 'जोरदार' म्हणजे 24 तासांत किमान 64.5 मिलिमीटर. एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी. म्हणजे एका दिवसात एकरी अडीच लाखांहून जास्त! पाऊस लहरी होत असताना हा अर्थ अंदाजासोबतच पोचायला हवा. कृषी हवामान सल्ला मंगळवारी-शुक्रवारी मराठीतही निघतो, 'मेघदूत' अॅपवरही मिळतो. पण त्यात आर्द्रतेच्या टक्केवारीआधी 'आज संध्याकाळी बेदाण्यावर ताडपत्री ओढा' हे वाक्य हवं, आणि ते देवळाच्या भोंग्यावरूनही ऐकू यायला हवं.