अवाच्या सवा

अवाच्या सवा : एखाद्या वस्तूची, सेवेची किंवा जागेची किंमत तिच्या मोलाच्या मानाने समर्थन करता येणार नाही इतकी अधिक आहे, असे दर्शविणारा मराठी शब्दप्रयोग. ‘अवाच्या सव्वा’ असेही त्याचे रूप छापील मजकुरात आढळते. विशेष्याच्या लिंगवचनानुसार तो बदलत नाही. अवाच्या सवा दर, अवाच्या सवा किंमत, अवाच्या सवा भाडे ही तिन्ही रूपे सारखीच शुद्ध होत. ‘अवाच्या सवा मागणे’ असा त्याचा क्रियाविशेषणासारखाही उपयोग होतो.

‘अवाच्य’ म्हणजे बोलू नये किंवा उच्चारता येऊ नये असे. ‘सवा’ किंवा ‘सव्वा’ म्हणजे एकावर पाव. जी रक्कम तोंडाने बोलवत नाही, तिच्यावर आणखी पाव चढविला, असा अर्थ मराठी वाचकाच्या मनात यामुळे सहज उभा राहतो. सव्वा या अंकाला मराठी मुलखात व्यवहाराचा जुना संदर्भ आहे. पेरणीसाठी धान्य उसने घेऊन सुगीच्या वेळी सव्वापट किंवा दीडपट परत करण्याच्या रीतीला अनुक्रमे सवाई व दिढी म्हणत. एका हंगामापुरती ही वाढ भरमसाट होती, तरी ती रूढीने मान्य होती. तिच्यापुढे गेल्यास मात्र रूढीनेच आणखी एक मर्यादा घातलेली होती : दामदुपटीच्या नियमानुसार एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. ही मर्यादा कागदोपत्री राहिली आणि कर्जरोखे नव्याने लिहून व्याजाचे मुद्दल होऊ लागले, तेव्हा १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले. पुणे जिल्ह्यातील सुपे येथून त्यांचा आरंभ झाला. रोखे हस्तगत करून जाळणे हा त्यांचा मुख्य उद्देश होता. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला. लिहून दिलेली रक्कमही अवाजवी असू शकते, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात आले.

‘महाग’ आणि ‘अवाच्या सवा’ हे समानार्थी शब्द नव्हेत. महाग हा संस्कृत ‘महार्घ’ या शब्दापासून आला असून तो केवळ किमतीचे प्रमाण सांगतो. सोने महाग असते, पण त्यात कोणाचा दोष सूचित होत नाही. महागाई ही सर्वसाधारण किंमतपातळीची वाढ असून ती निर्देशांकाने मोजता येते व तिच्यावर महागाई भत्ता देता येतो. अवाच्या सवा या शब्दात मात्र मागणाऱ्याच्या नीतीवर ठपका असतो. म्हणूनच तो नेहमी देणाऱ्याच्या तोंडी असतो. विक्रेता स्वतःच्या भावास तो कधीही लावत नाही. त्याच्या विरुद्ध टोकास असलेले ‘रास्त’ व ‘वाजवी’ हे शब्द अनुक्रमे फार्सी व अरबी मुळांचे आहेत.

वाजवी काय हे ठरविण्याचे काम राज्यसंस्थेकडे फार पूर्वीपासून आले आहे. कौटिल्याने स्वदेशी मालावर शेकडा पाच व परदेशी मालावर शेकडा दहा इतकाच नफा मान्य केला असून त्याहून अधिक घेणाऱ्यास दंड सांगितला आहे. आधुनिक काळात अत्यावश्यक वस्तू अधिनियम (१९५५) आणि वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापण्याचे बंधन ही त्याच प्रकारची साधने होत. मात्र छापील किंमत उत्पादक स्वतःच ठरवितो, त्यामुळे तिने दुकानदाराला आवर बसतो, उत्पादकाला नाही.

घासाघीस जेथे शक्यच नाही अशा विजेच्या बाबतीत हा शब्दप्रयोग अलीकडे फार रूढ झाला. नाशिकरोडजवळील एकलहरे येथे राज्य विद्युत मंडळाने उभारलेले औष्णिक वीजनिर्मिती केंद्र आहे. मंडळाच्या २००५ मधील विभाजनानंतर ते महानिर्मिती कंपनीकडे गेले. केंद्र कोळशाच्या खाणींपासून दूर असल्याने वाहतुकीचा खर्च येथील विजेच्या दरात मिळतो. प्रथम स्वस्त वीज घ्यावयाची या नियमामुळे अशी केंद्रे मागे पडतात, आणि गावाशेजारी तयार होते म्हणून वीज गावकऱ्यांना स्वस्त मिळते असेही नाही. राज्यातील वीजदर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग सुनावणी घेऊन ठरवितो. तरीही २०२० च्या जून महिन्यात ‘अवाच्या सवा वीजबिले’ हे शब्द वृत्तपत्रांतून सतत येत राहिले. टाळेबंदीमुळे मीटरवाचन थांबले होते. आधीच्या, बहुतांशी हिवाळ्यातील, सरासरी वापरावर बिले दिली गेली आणि वाचन पुन्हा सुरू झाल्यावर उन्हाळ्यातील प्रत्यक्ष वापराचा फरक एकत्रित आकारण्यात आला. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. आकारणी नियमानुसार असल्याचा खुलासा महावितरणने केला आणि हप्त्यांची सवलतही दिली. ग्राहकांचा रोष त्याने शमला नाही. मिळकत बंद असताना एकदम आलेली रक्कम त्यांच्या दृष्टीने अवाच्या सवाच होती. दर हिशेबाने बरोबर असणे आणि तो वाजवी वाटणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

मराठीत अवाजवी स्वस्ताईसाठीही तितकेच तीव्र शब्द आहेत : कवडीमोल व मातीमोल. ते उत्पादकाचे शब्द होत. नाशिक जिल्ह्यातील कांद्याला हे दोन्ही प्रकारचे शब्द आलटून पालटून लागतात. १९९८ मध्ये कांद्याचे भाव भडकले तेव्हा शहरी ग्राहकांच्या असंतोषाचा परिणाम दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीवर झाला. उलट २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला ७५० किग्रॅ. कांद्याचे केवळ १,०६४ रु. मिळाले व निषेध म्हणून त्याने ती रक्कम मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठविली. डिसेंबर २०२३ मध्ये, शहरांतील भाव आटोक्यात राहावेत म्हणून केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. तिच्याविरुद्ध नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पाडण्यात आले. ही बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण किमान निर्यातमूल्य व ४० टक्के निर्यातशुल्क ठेवूनच. ते शुल्क पुढे निम्म्यावर आणले गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे रद्द झाले.