पच्चवेक्खण आणि अध्ययन : 'मला कळले' याची परीक्षा

पाली वर्गात पंचशीलातील 'वेरमणी' या शब्दाचा अर्थ विचारला, तर बहुतेक उपासक-उपासिका निःशंकपणे उत्तर देतात : 'न करणे'. हा शब्द त्यांनी बालपणापासून असंख्य वेळा उच्चारलेला असतो. परंतु 'वेरमणी' हे क्रियापद नसून स्त्रीलिंगी नाम आहे, त्याचा अर्थ 'विरती' असा आहे, आणि स्वीकाराची क्रिया पुढील 'समादियामि' या पदात आहे, हे दाखविले की वर्ग स्तब्ध होतो. येथे अर्थाच्या चुकीपेक्षा खात्रीची चूक अधिक विचार करण्याजोगी आहे. ज्याला आपले अज्ञान ठाऊक आहे तो प्रश्न विचारतो; ज्याला 'मला येते' असे वाटते तो विचारीत नाही.

मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात या दोषाचे ठळक उदाहरण आहे. अरिट्ठ भिक्खूने भगवंतांच्या उपदेशाचा विपरीत अर्थ धरला होता. सहकारी भिक्खूंनी त्याला खोदून विचारले, समजाविले. पण आपण धम्म नेमका जाणतो या समजुतीपासून तो ढळला नाही. त्या प्रसंगी भगवंतांनी सापाची उपमा दिली. सापाला वेटोळ्यास वा शेपटीस धरणाऱ्याला तो उलटून डसतो; दुबेळक्या काठीने दाबून मानेशी धरणाऱ्याला डसत नाही. धम्म पाठ करूनही प्रज्ञेने अर्थ न तपासणारे लोक पहिल्या प्रकारचे होत. वादात दुसऱ्यावर मात करणे हा त्यांच्या अध्ययनाचा हेतू असतो, असेही सुत्त सांगते. (आपल्याकडील सभा-परिसंवादांची आठवण येथे कोणास झाली, तर ती अस्थानी म्हणता येणार नाही.)

शिकताना आपल्या विचारावर लक्ष ठेवणे आणि गरजेप्रमाणे तो वळविणे, या क्षमतेला मानसशास्त्रात मेटाकॉग्निशन म्हणतात. ही संज्ञा जॉन फ्लेवेल यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. तत्पूर्वी १९७० मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना काही वस्तूंची नावे दिली आणि ती बिनचूक आठवतील अशी खात्री होईपर्यंत पाठ करण्यास सांगितले. मोठ्या वयाची मुले 'झाले' म्हणत तेव्हा त्यांचे पाठांतर बहुधा खरोखर झालेले असे. लहान मुले मात्र 'झाले' म्हणत आणि अडखळत.

ही क्षमता मोजावी कशी, हा कठीण प्रश्न आहे. श्रॉ आणि डेनिसन यांनी १९९४ मध्ये ५२ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. स्वतःच्या विचारप्रक्रियेचे ज्ञान आणि तिचे नियमन असे तिचे दोन भाग आहेत. तिचा वापर विपुल झाला आहे, तथापि अशा साधनांची मर्यादा उघड आहे. 'मी वाचताना मधून मधून थांबून तपासतो' असे लिहिणारा मनुष्य प्रत्यक्षात थांबतोच असे नाही. प्रश्नावलीतील उत्तर आणि प्रत्यक्ष अध्ययनातील वर्तन यांचा मेळ अनेकदा क्षीण आढळतो. अरिट्ठाला ही प्रश्नावली दिली असती, तर त्याला उत्तम गुण मिळाले असते!

अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्त या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. आरसा कशासाठी असतो, असे भगवान राहुलाला विचारतात. पाहण्यासाठी, पच्चवेक्खणासाठी, असे तो सांगतो. मग काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म तीन वेळा तपासण्यास सांगितले आहे : करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. 'तू सावध असतोस का?' असा सर्वसाधारण प्रश्न येथे नाही. प्रश्न अमुक एका कर्माविषयी, त्या त्या वेळी आहे आणि उत्तराची कसोटी परिणामात आहे. शिवाय काया-वाचेचे कर्म अकुशल ठरले तर ते शास्त्यापुढे किंवा जाणत्या सब्रह्मचाऱ्यापुढे उघड करावयाचे आहे. तपासणी स्वतःची असली तरी तिला साक्षीदार आहे. सुत्ताचा विषय कुशल-अकुशल कर्म हा आहे, स्मरणशक्ती नव्हे, हे मान्य करूनही त्याची रीत अध्ययनास लागू पडते. सम्राट अशोकाच्या भाब्रू शिलालेखात ज्या सात धम्मग्रंथांची शिफारस आहे, त्यांत मुसावादाविषयीच्या 'लाघुलोवादा'चा समावेश आहे. विद्वान तो हाच उपदेश मानतात. ती शिफारस भिक्खू-भिक्खुनींप्रमाणेच उपासक-उपासिकांसाठीही आहे.

वर्गात ही रीत सहज वापरता येते. दहा पाली शब्द देऊन, उत्तरे लिहिण्यापूर्वी 'यांपैकी किती येतील?' हा आकडा प्रत्येकाने वहीत लिहावा. लिहिताना ज्या शब्दाशी अडखळलो त्यावर खूण करावी. शेवटी आकडा आणि प्रत्यक्ष उत्तरे ताडून पाहावीत. एखाद्याने आठ लिहिले आणि चारच जमले, तर त्या चारांच्या फरकाकडे पाहावे. हा अंदाज धडा संपताच घेऊ नये. नेल्सन आणि डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये शब्दजोड्यांच्या प्रयोगातून दाखविले की, शिकल्याबरोबर केलेल्या अंदाजापेक्षा काही वेळ जाऊ देऊन, जोडीतील केवळ पहिला शब्द समोर ठेवून केलेला अंदाज कितीतरी अचूक असतो. नुकताच वाचलेला शब्द मनात रेंगाळत असतो आणि ते रेंगाळणे आपल्याला ज्ञान वाटते.

एक दक्षता मात्र शिक्षकाने घेतलीच पाहिजे. या अंदाजाला गुण देऊ नयेत. गुण दिले की विद्यार्थी अंदाज करीत नाही, हिशेब करतो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'तुम्हाला हे जमणार नाही' असे ऐकविले गेले, त्या समाजातील मुलगी येत असूनही आकडा कमी लिहिते, हे मी वर्गात पाहिले आहे. तिच्या वहीत फरक उलट दिशेचा असतो : लिहिलेले तीन, जमलेले सात. तो तिचा तिला दिसावा यासाठी वही तिच्याजवळच राहू द्यावी आणि पुढच्या आठवड्यात तेच दहा शब्द पुन्हा द्यावेत.